हाक मारणारीला कलम नाही

कोपरीच्या मिठागरांकडून येणारा गाडीरस्ता ठाण्याच्या पेठेत शिरायच्या आधी एक वळण घेतो. त्या वळणाच्या नाक्यावर, भेंडीच्या झाडाखाली, गंगुबाई बसायची. वर चार झावळ्या, पुढ्यात तीन दगडांची चूल, शेजारी पेजेचं मडकं. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, एवढाच तिचा धंदा. भाकरी म्हणाल तर तशी प्रत्येक आगऱ्याच्या घरी होते. चटणीतही काही जादू नव्हती. उलट तिखट इतकं, की खाणारा पेठ संपेपर्यंत नाक पुशीत जायचा. तरी मिठाच्या गाड्या तिच्यापाशी थांबायच्या, त्या तिच्या जिभेसाठी.

लांबून गाडी दिसली की ती चुलीपासून न उठताच सुरू करायची.

"अरं ए, बैल वर बसव नि तू लाग जुवाला! ते तरी वाटेत घोरायचे नाय."

गाडीवान डोळे चोळत उठून बसायचा. "मावशे, काल तुझी चटणी खाल्ली नि रातभर हातातला तांब्या सुटला नाय."

"मंग बायकोनं मना दुवा दिला असंल. रातभर गप झोपाया मिळालं तिना."

मागच्या गाड्यांवरचे हसायचे. हसता हसता कासरा ढिला पडायचा, बैल आपसूक उभे राहायचे, आणि गाडी उभी राहिली की माणसाला भूक लागतेच. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. नवरा खाडीत बुडून गेला तेव्हा ती ऐन उमेदीत होती. पोटी पोर नव्हतं. जावांनी अन्न तोडलं नाही, पण वाढताना भांडी आपटायला लागल्या. मग तिनं त्यातलंच एक भांडं उचललं आणि वळणावर येऊन चूल मांडली. पहिल्या दिवशी एक गाडी थांबली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं एका गाडीवानाच्या मुंडाशाला नाव ठेवलं, आणि तो भांडायला म्हणून खाली उतरला. जाताना दोन भाकऱ्या घेऊन गेला.

ही गोष्ट अठराशे ऐंशीच्या पुढच्या चार-दोन वर्षांतली. त्या सुमारास शहराच्या म्युनिसिपल कमिटीनं गाडीवानांसाठी नियम काढला.

नियम उगाच आला नव्हता, हे गंगुबाईही कबूल करायची. मिठाचा गाडीवान उजाडायच्या आधी गोण्या भरायचा आणि वाटेत खुशाल निजायचा. बैलांना वाट पाठ. जो जागा असेल तो टकळीवर सुतळी कातत बसायचा, कारण गोण्या शिवायला सुतळी लागते आणि रिकामा हात आगऱ्याला खपत नाही. दोन्ही हात टकळीला, कासरा पायाच्या अंगठ्याला. असं करत गाड्या पेठेत शिरायच्या आणि कुंभाराची उतरंड नाहीतर कुणा भाजीवालीची पाटी चाकाखाली घ्यायच्या.

म्हणून एका सकाळी ढोल वाजला आणि दवंडीवाल्यानं वळणावर उभं राहून हुकूम ऐकवला. नाक्यापासून पेठ संपेपर्यंत गाडीवानाने गाडीवर बसू नये. बैलांच्या तोंडाशी, कासरा हाती धरून पायी चालावे. निजू नये, चिलीम ओढू नये, सुतळी कातू नये, कोणाशी बोलत अथवा मागे पाहत जाऊ नये. जो कोणी असे करील त्यास दंड होईल, व त्याजपासून कोणास इजा झाल्यास गाडीचा पितळी बिल्ला जप्त होईल.

बिल्ला गेला की त्या माणसाला पेठेत गाडी हाकता येत नसे. आणि पेठेत शिरायचं नाही तर मीठ नेऊन ओतायचं कुठं, खाडीत?

"बोलायचं नाय?" गंगुबाईनं विचारलं. "मंग बैलाना हो-हो कोनी म्हनायचं? दवंडीवाल्यानं?"

"बैलांशी बोलायला मुभा हाय," तानाजी म्हणाला. तानाजी म्हणजे कमिटीनं नाक्यावर उभा केलेला शिपाई. साताऱ्याकडचा गडी, पट्टा नवा, पोट जुनं. "बायांशी बोलायचं न्हाई."

"ऐका गो! माझ्यापरीस बैलांचा मान मोठा झायला."

हसले सगळे. पण दुसऱ्या दिवसापासून गाड्या मुक्यानं जाऊ लागल्या. गाडीवान खाली उतरून, कासरा छातीशी धरून, नवरदेवासारखी मान खाली घालून तिच्या पुढून निघून जायचे. तानाजी भेंडीला टेकून बघत असायचा. दुपारी उरलेल्या भाकऱ्या तोच खायचा.

गंगुबाईला उपासमारीची भीती नव्हती. तिला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आजवर ती बोलली आणि माणसानं मान वळवली नाही, असं झालं नव्हतं. शेजारी वाळकी मांदेली विकणाऱ्या बायका हसून म्हणायच्या, "गंगे, गेली गो तुझी जादू." मग तिनं खेळ मांडला. गाडी जवळ आली की असं काही बोलायचं, की माणसाचं डोकं फिरलंच पाहिजे. "धोतर सुटलं रं!" म्हटलं की दहातले आठ खाली बघायचे. "बैलाच्या पाठी कुत्रा लागलाय" म्हटलं की मागं. मान वळली की बायका टाळ्या पिटायच्या, आणि तानाजी चटणीनं भरलेल्या तोंडानं, "ए, पुढं बघ!" म्हणून ओरडायचा. एवढीच कायद्याची अंमलबजावणी.

एक विश्राम तेवढा वळायचा नाही.

विश्राम तिचा जावईच होता. म्हणजे सख्ख्या नात्यानं नव्हे. त्याची बायको शेवंती ही डोंबिवलीकडच्या आयरे गावची, आणि गंगुबाईचं माहेरही तेच. गावची लेक दिलेला माणूस साऱ्या गावाचा जावई, आणि जावयाची थट्टा करायचा हक्क गावच्या म्हातारीकोतारीला असतो. हा हक्क गंगुबाईनं कधी वाया घालवला नव्हता. पण विश्राम मुळात कमी बोलणारा, नि नियम आल्यापासून तर त्यानं तोंडाला कुलूपच घातलं. "मावशे, पेठ उतरून येताना बसतो," असं एकदा नजर पुढं ठेवूनच म्हणाला होता, आणि खरंच, गाडी रिकामी करून परत येताना थांबायचा, भाकरी खायचा.

तेव्हा तो एकच विचारायचा. "आयऱ्याचा काय निरोप?"

शेवंती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. लग्नाला कितीतरी वर्षं होऊन गेली, तेव्हा कुठं दिवस भरत आले होते. देव झाले, नवस झाले, मध्ये दोनदा राहून गळून गेलं होतं. आयऱ्याची होडी खाडीनं ठाण्याला यायची, आणि गावचा कुठलाही निरोप आधी गंगुबाईच्या चुलीपाशी यायचा. हे ठरलेलंच होतं. बाळ झालं की पहिली हाक तीच देणार.

"अजून उशीर हाय रं," ती सांगायची. "झायलं की एवढ्या मोठ्यानं ओरडेन, तुझे बैल नाचतील."

शिमग्याचे दिवस आले. आगऱ्याच्या शिमग्यात खोटं बोलायला मुभा असते. कुणी कुणाला खाडीवर धाडतं, कुणी कुणाच्या नावानं बोंब मारतं, आणि फसलेल्यानं रागवायचं नाही. वळणावर गाड्यांची रीघ होती. पेठेत होळीच्या खरेदीची गर्दी. त्या सकाळी गंगुबाईनं एकामागून एक सगळ्यांच्या माना वळवल्या होत्या. बायका हसून हसून आडव्या झाल्या होत्या.

"आता जावयाला वळव, मंग खरी तू," एकजण म्हणाली.

विश्रामची गाडी समोर आली. तो बैलांच्या तोंडाशी, कासरा आखूड धरून. "धोतर" झालं, "कुत्रा" झाला. तो तसाच पुढं गेला. तिच्या पुढून गेला, वळण ओलांडून पेठेच्या तोंडाशी पोचला. पाठमोरा. बायका कुजबुजल्या, "हरली गो."

आणि गंगुबाई उठून उभी राहिली नि ओरडली,

"विश्रामा! अरं, होडी आयली! शेवंती बाळंत झायली!"

त्याची मान तर वळलीच, पण सारं अंगच वळलं. चेहऱ्यावर असं काही उमटलं, की तिनं त्याचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. तो दोन पावलं मागं, तिच्याकडे धावला. कासरा हातातून सुटला होता. बैलांना कुणी थांबवलं नव्हतं, त्यांना वाट पाठ होती, ते चालत राहिले. पुढं, पेठेच्या कोपऱ्यावर, नौपाड्यातले प्रभाकरपंत उभे होते. कचेरीतले कारकून, हातात केळीच्या पानात बांधलेली फुलं, कुणाशी बोलत होते. जू त्यांच्या खांद्याला लागलं, ते पडले, आणि भरल्या गाडीचं चाक त्यांच्या पावलावरून गेलं.

ओरडा झाला. लोक धावले. तानाजी हातातली भाकरी टाकून धावला. विश्राम मात्र धावता धावता मधेच उभा होता, अर्धा इकडे अर्धा तिकडे, आणि तोंड गंगुबाईकडेच.

"मावशे," त्यानं विचारलं, "पोरगा का पोरगी?"

ती चुलीपासून दोन पावलं पुढं आली. मग जेमतेम ऐकू जाईल असं म्हणाली, "शिमगा हाय रं, बाबा."

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तो वळला आणि बैलांकडे गेला.

प्रभाकरपंतांची बोटं चेंगरली होती. डॉक्टरनं दोन काढली. विश्रामवर खटला भरला गेला.

अपघाताच्या रात्री गंगुबाईनं चूल पेटवली नाही. एकच गोष्ट तिच्या डोक्यात घोळत होती. तो बोलला, की मला बाईनं खोटी हाक दिली, तर कचेरी निदान ऐकून तरी घेईल. आणि तो बोलला नाही तर तिनं बोलायला हवं. साधा हिशेब. ती सकाळी त्याच्याकडे जायचं ठरवत होती, तोच तो तिच्या दारात आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मावशे, एक मागनं हाय. कचेरीत तू काय बोलू नको."

"मी बोलनार, विश्रामा. माझ्या तोंडानं झायलं—"

"म्हनूनच नको." त्यानं आवाज खाली आणला. "तू जन्माच्या आधी जन्म बोललीस."

ही गोष्ट तिला ठाऊक नव्हती असं नाही. आगरात लहान पोरालाही ठाऊक असते. पोर पोटात असताना ते झालं असं बोलू नये. बोललं तर सटवी येऊन बघते, नि रिकामा पाळणा दिसला की रागावते. आणि बोलली कोण? जिच्या पोटी स्वतःचं पोर नाही ती. शिमग्याच्या भरात यातलं काही तिच्या मनात आलं नव्हतं.

"तवा कोनाला कळलं नाय," विश्राम म्हणाला. "गर्दी होती, बोंबा चालल्या होत्या. तुझ्या शेजारच्या मांदेलीवाल्या बायांना मी हात जोडून आयलो. पन कचेरीत बोललीस तर चार गावांत होईल. होडीतनं आयऱ्याला जाईल. शेवंतीनं ऐकलं तर ती जीव टाकंल. दोनदा गेलंय तिचं. आता काय झालं तर…" पुढचं त्यानं बोललं नाही. "बिल्ला गेला तर जाऊ दे."

"बिल्ल्याशिवाय खाशील काय?"

"ते माझं मी बगेन. शेवंती मोकळी होईस्तवर तू गप बस. शपथ घे."

गंगुबाईनं शपथ घेतली. आणि त्याच घटकेला तिच्या छातीवरचा दगड उतरला. आता कचेरीत उभं राहायला नको. लोकांपुढं 'मी वांझेनं असं असं बोलले' असं म्हणायला नको. जे तिला करायचं नव्हतं, तेच करू नको म्हणून तो हात जोडत होता. तो गेल्यावर तिला गाढ झोप लागली. सकाळी जाग आली, आणि झोप लागली याचीच तिला शरम वाटली. पुढं कितीही वर्षं गेली तरी ती शरम उतरली नाही. बाकी सगळं एकवेळ दुसऱ्यावर ढकलता आलं असतं, ती झोप कुणावर ढकलणार?

खटल्याच्या दिवशी ती कचेरीच्या ओट्याखाली, बायकांत उभी होती. आत निवाडा करणारे रावसाहेब खुर्चीत. प्रभाकरपंत काठी टेकून आले. पाय फडक्यात बांधलेला.

"गाडीवानाचे तोंड कोणीकडे होते?" रावसाहेबांनी विचारलं.

"मागे होते, साहेब. बैलांपाशी तो नव्हताच."

"मागे का पाहत होता? कोणी हाक मारली होती?"

प्रभाकरपंतांनी एकदा ओट्याखालच्या बायकांकडे पाहिलं. "बाजारात हाका असतातच, साहेब."

मग तानाजीला विचारलं. तानाजीनं छाती पुढं काढून सांगितलं, की आपण आपल्या जागी उभे होतो, आणि सदर इसमाने नियमाविरुद्ध मान फिरवली. तोंडात भाकरी होती हे त्यानं सांगितलं नाही. सांगताना एकदा त्याची नजर ओट्याखाली गेली, गंगुबाईवर पडली, आणि झटकन उडाली.

"काय रे, तुला काय सांगायचं आहे?"

"मान वळली, सायेब," विश्राम म्हणाला.

"का वळली?"

"वळली."

"अरे, कारण काही?"

विश्रामनं नुसते हात जोडले. तेव्हा गंगुबाईच्या गळ्याशी शब्द आला. अगदी दाताशी आला. तिनं पदर तोंडात कोंबला. शपथ आहे, ती स्वतःला म्हणाली. शेवंतीसाठी आहे. आणि हे म्हणतानाच तिला कळत होतं, की शपथ नसती तरी पाय जमिनीला असेच चिकटले असते. असते का? नसतेही. हे आता तिला कधीच कळणार नव्हतं.

दंड झाला. बिल्ला जप्त झाला.

विश्रामनं बैल कल्याणला भावाकडे पोचवले आणि मिठागरावर पाट्या वाहायला लागला. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, मीठ खोऱ्यानं ओढून पाटीत भरायचं, पाटी डोक्यावर घ्यायची, बांधावरून चालत जाऊन ढिगावर ओतायची. जो काल ढिगाशी गाडी लावून वर बसायचा, तो आज त्याच ढिगाला मीठ घालत होता. मिठाच्या पाण्यानं पायाला भेगा पडतात आणि भेगांत पुन्हा मीठच जातं. गाडीवाल्यांना त्याची सवय नसते.

गंगुबाई वळणावर बसतच होती, पण बोलत नव्हती. गाड्या जात-येत होत्या. एखादा धीट गाडीवान नियम मोडून स्वतःच म्हणायचा, "काय मावशे, जीभ गहान ठेवलीस का?" ती मान हलवायची. बायकांनी आधी तिला बोलतं करून पाहिलं. मग त्यांनीही नाद सोडला. भाकऱ्या उरायच्या. तानाजीही आता त्या खाईना, दूर खांबाशी जाऊन उभा राहायचा.

ती रोज भरतीच्या वेळेला बंदरावर जायची. आयऱ्याची होडी लांबून दिसली की ती पाण्याच्या कडेपर्यंत पुढं जायची. होडीवाला म्हणायचा, "अजून नाय." मग ती परत यायची. सटवीला तिनं मनातल्या मनात सांगून ठेवलं होतं, "रागवायचं तर माझ्यावर रागव गो. तिचं काय? ती बोलली नाय. मी बोलले." पण सटवी न्यायानं वागते असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

चैत्र सरता सरता होडीवाला काठाला लागायच्या आधीच हसला. पोरगी झाली होती. बाळंतीण सुखरूप.

गंगुबाईनं दोर धरून होडी काठाला ओढली. ठरल्याप्रमाणे पहिली हाक तिनं द्यायची होती. ती तिनं दिली नाही. होडीवाल्यालाच मिठागरावर पाठवलं. "तूच सांग. माझ्या तोंडानं नको." आणि ती उलट्या दिशेनं चालू लागली, कचेरीकडे. शपथ आता सुटली होती.

रावसाहेब दुसरं काही काम बघत होते. शिपायानं अडवलं, पण गंगुबाईला अडवणं सोपं नव्हतं.

"सायेब, तो मिठाचा गाडीवान, विश्राम. त्याची मान मी वळवली. मी खोटी हाक मारली."

"कोण ही?" रावसाहेबांनी विचारलं.

"नाक्यावर बसते ती, साहेब," एक कारकून हसत म्हणाला. "फार थट्टेखोर बाई आहे. सगळ्या गाडीवानांना वेड लावून ठेवलंय."

"थट्टा नाय, सायेब. त्याचा बिल्ला त्याला द्या नि मना शिक्षा द्या."

"बाई, नियम गाडीवानाला आहे. त्याची मान का वळली याच्याशी नियमाला कर्तव्य नाही. वळली, एवढं पुरे. हाक मारणारीला कलम नाही."

"नाय?" गंगुबाईनं विचारलं. "मंग घाला एक. दवंडीवाला तर हायेच तुमच्यापाशी."

कचेरी हशानं फुटली. रावसाहेबसुद्धा हसले, चष्मा काढून डोळे पुसले. कारकून एकमेकांना ढोसत होते. बाहेर उभे असलेले पक्षकार हसत होते, का ते न कळताच. आयुष्यात तिच्या बोलण्याला एवढं मोठं हसू कधी मिळालं नव्हतं. ती मधोमध उभी होती, आणि तिला कळेना, की आपण काय चुकीचं बोललो.

प्रभाकरपंत तेवढे हसले नव्हते. ती बाहेर आली तेव्हा ते काठी टेकत तिच्या मागून ओट्यावर आले.

"मी ती हाक ऐकली होती," ते म्हणाले. "शब्द कळले नाहीत, पण बाईमाणसाचा आवाज होता. कुणा बाईचं नाव कचेरीत नको यायला, म्हणून मी तसं बोललो."

तिनं त्यांच्या पावलाकडे पाहिलं. वहाणेचं पुढचं टोक रिकामं होतं. "मी त्या दिवशी बोलले असते," तिनं विचारलं, "तर बिल्ला वाचला असता, पंत?"

"नाही. साहेब म्हणाले ते खरं. कलम मानेचं आहे." त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "पण त्याला एकट्याला उभं राहावं लागलं नसतं."

ती पाया पडायला वाकली, तर ते घाईनं मागं सरले आणि त्यांचा तोल गेला. तिनंच धरलं. मग ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकऱ्या बांधून मिठागरावर गेली. कोंड्या उन्हात पांढऱ्याफेक झाल्या होत्या, डोळा ठरत नव्हता. बांधावरून माणसं ओळीनं पाट्या नेत होती. विश्राम त्यांत होता. पायांना चिंध्या बांधलेल्या. ती बांधाच्या कडेला उभी राहिली. तो पाटी ओतून परत आला तेव्हा थांबला.

"पोरगी झाली," तो म्हणाला. चेहरा उजळला होता, पण तिच्याकडे बघताना थोडा आखडला.

"ऐकलं रं." मग तिनं सगळं एका दमात सांगितलं. कचेरीत गेले, बोलले, हसले सारे, कलम नाही म्हणाले. "तू शपथ घातलीस म्हनून मी त्या दिवशी गप बसले. नायतर—"

"मावशे," त्यानं मधेच तोडलं. आवाजात राग नव्हता. "ते नको सांगू. शपथ मी घातली ते खरं. पन मी तुझ्या दारात आयलो तवा तुझं तोंड मी बगितलं. तुना बरं वाटलं होतं."

खाडीवरून वारा आला. तिच्या हातातल्या फडक्याची गाठ सुटत होती, ती तिनं पुन्हा बांधली.

"हो," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. एवढंच त्याला हवं होतं की काय कोण जाणे. त्यानं हात पुढं केला, तिनं भाकरी दिली. तो बांधावर बसून जेवला. तिखटानं नाकाला पाणी आलं, ते त्यानं खांद्याला पुसलं. ती शेजारी उभी होती.

जेवून तो कोंडीकडे गेला. कुणीतरी पाटी भरून त्याच्या डोक्यावर चढवली. ओल्या मिठाचं पाणी पाटीतून निथळत त्याच्या कानामागून मानेवर उतरत होतं. तिच्यासमोरून जाताना, नजर सरळ बांधावर ठेवून, तो म्हणाला,

"आता मार हाका, मावशे. किती मारायच्या तेवढ्या मार. पाटीखाली मान वळत नाय."

मागचे दोघे-तिघे पाटीवाले हसले. जावयानं म्हातारीला बरं सुनावलं, असं त्यांना वाटलं. विश्रामही हसला असावा. तो पाठमोरा होता, तिला दिसलं नाही.

गंगुबाईनं रिकामं फडकं झटकलं, दुमडून कमरेला खोचलं, आणि ती त्याच्या मागून बांधावरून चालू लागली. ढिगापर्यंत गेली. तो पाटी ओतून वळला, की त्याच्या समोर उभं राहायचं, आणि मग उद्याची भाकरी कधी आणू ते विचारायचं, असं तिनं ठरवलं होतं. मागून हाक मारायची नाही.